किंदळीचं रान

माझ्या लग्नासाठी साठवलेल्या पैशातून गोव्यातल्या पेडणे तालुक्यात एक रान विकत घेतलं, तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. स्थळं यायची थांबून दोन वर्षं झाली होती. आईने पत्रिका कपाटातल्या खालच्या कप्प्यात ठेवून दिली होती आणि तिच्यावर साड्यांची घडी रचली होती. त्याबद्दल घरात कुणी काही बोललं नाही.

मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत मराठी शिकवायचे. शाळेसमोरून खनिजाचे ट्रक जात. फळा पुसला की फडक्याला खडूपेक्षा लाल मातीच जास्त लागायची. माझे वडील मेस्त होते, म्हणजे सुतार. दारं, खिडक्या, देव्हारे, वाशांची घरं. आसपासच्या चार गावांत त्यांच्या हातचं दार नाही असं घर सापडणं कठीण. लाकूड नुसतं वास घेऊन ओळखतात, असं लोक म्हणायचे, आणि ते बाबांना आवडायचं.

शाळेतल्या इतर बाया सोनं घेत होत्या, कुणी म्हापशाजवळ प्लॉट बघत होती. मी बाबांना विचारलं, माझ्या पैशाचं काय करू? ते रंधा मारत होते. हात न थांबवता म्हणाले, "सोनें चोराक दिसता, बाये. झाड चोराक व्हरूंक जायना. आनी आमी न्हिदल्यार लेगीत तें वाडटा."

झाड चोराला नेता येत नाही, आणि आपण झोपलो तरी ते वाढतं. हे वाक्य मी पुढे चार महिने शाळेत सगळ्यांना ऐकवत होते.

सागवान आणि किंदळ यांचे भाव कसे चढतायत हे बाबांना रोजच्या कामात दिसत होतं. किंदळ म्हणजे महाराष्ट्रात ज्याला किंजळ म्हणतात ते झाड. आमच्याकडे घराच्या तुळया त्याच्याच. बाबांचं म्हणणं असं की दहा-पंधरा वर्षं रान नुसतं राखायचं, अधूनमधून एखादं मोठं झाड काढायचं, बाकीची वाढू द्यायची. म्हातारपणी तुला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही, असंही ते म्हणाले. ते बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझं लग्न होणार नाही हे घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं ते असं.

पेडण्याच्या आत, डोंगराच्या उतरणीवर, चार हजार चौरस मीटरची जागा एक भाटकार, म्हणजे जमीनदार, विकणार असल्याचं कळलं. मी आणि बाबा बसने म्हापशाला गेलो, तिथून दुसरी बस पकडून नदी ओलांडली, आणि उतरून तासभर चाललो. भाटकार सत्तरीचा, बारीक, अंगात स्वच्छ सदरा. त्याचे मुलगे परदेशात होते. त्याने हातातल्या काठीने हद्दीचे दगड दाखवले.

"म्हज्या बापायन ह्या झाडांक हात लावंक ना," तो म्हणाला, "हांवेंय लावंक ना."

रानात फणस होते, ऐन होते, हाताच्या मनगटाएवढी पन्नास-साठ सागाची रोपं होती. आणि मध्यावर तीन किंदळी. इतक्या जाड की मी आणि बाबा दोघांनी हात पसरले तरी एकीला वेढा बसेना. जागेची किंमत त्या तिघींवरच ठरली होती, हे भाटकारही लपवत नव्हता. बाबा एकेका झाडापाशी गेले, सुतळीने घेर घेतला, सालीवर तळवा ठेवला, दगडाने ठोकून पाहिलं. मी एका बाजूला बसून पाववाल्या पोदेराकडून आणलेले उंडे आणि भाजी काढत होते. परत आले तेव्हा ते सुतळीच गुंडाळत राहिले. मी विचारलं, "कसं आहे?"

"बरें आसा," ते म्हणाले. "घेवया."

खरेदीखत व्हायला वेळ लागला. भाषेवरून आंदोलनं चालली होती ते दिवस. राजभाषा कोकणी की मराठी यावरून घराघरात तट पडले होते. रस्त्यांवर झाडं तोडून आडवी टाकलेली असायची आणि बस मध्येच परत फिरायची. मी घरी कोकणी बोलायचे, शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे दोन्हीकडचे लोक मला विचारायचे, तू कोणाची? मी दोनदा म्हापशापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या खेपेला सह्या झाल्या. जमिनीच्या उताऱ्यावर माझं नाव चढलं तो कागद मी आईला दाखवला. तिने तो दिव्यापाशी नेऊन वाचला, देवापुढे ठेवला, आणि जेवायला वाढलं.

पहिलं वर्ष-दीड वर्ष बरं गेलं. महिन्यातून एका रविवारी आम्ही तिघं तिकडे जायचो. बाबा सागाच्या रोपांभोवतीची झुडपं साफ करायचे, आई कोकमं गोळा करायची. त्याच काळात गोवा राज्य झालं. शाळेत मुलांना पेढे वाटले.

मग हरमलचा एक माणूस बाबांकडे आला. हरमलला किनाऱ्यावर परदेशी लोक राहायला येऊ लागले होते, आणि त्याला घरामागे त्यांच्यासाठी खोल्या काढायच्या होत्या. तुळयांना जुनी, पक्की किंदळ हवी होती. तो स्कूटरवरून आला होता, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि बाबांशी फार आदराने बोलला. "मेस्ता, तुमी लाकूड दिल्यार म्हाका पळोवपाची गरज ना," तो म्हणाला. लाकूड बघून घ्यायचीही गरज नाही म्हणत त्याने आगाऊ रक्कम बाबांच्या हातात ठेवली. बाबांनी ती घेतली. मला वाटलं होतं ते म्हणतील, अजून दहा वर्षं थांबू.

झाड तोडायला परवानगी लागायची. ती काढण्यात चार महिने गेले. तीन किंदळींची परवानगी मिळाली. तोडायला मामाला बोलवायचं ठरलं.

मामा आईचा धाकटा भाऊ. सावंतवाडीकडच्या एका गावात राहायचा, आणि झाडं तोडणं हेच त्याचं काम होतं. उंच, पुढे आलेले खांदे, बोलायला हळू. उजव्या हाताची करंगळी अर्धी गेलेली. बाबांपुढे तो कधी खुर्चीत बसायचा नाही, उंबऱ्यावर बसायचा. आईपेक्षा बारा वर्षांनी लहान. आईने त्याला कडेवर वाढवलेलं. त्याला एक मुलगी होती, तेव्हा नऊ वर्षांची.

तो आदल्या दिवशी आला, बरोबर बेळगावकडचा एक जोडीदार घेऊन. सकाळी लवकर आम्ही रानात पोचलो. आई घरी राहिली होती, मी शाळेला सुट्टी टाकली होती. रान माझं होतं, पहिलं झाड पडताना मी तिथे असावं असं मला वाटत होतं. हरमलचा माणूसही आला, स्कूटर खाली रस्त्यावर लावून, धापा टाकत.

मामाने अंगातला सदरा काढून फांदीला टांगला आणि सगळ्यात मोठ्या किंदळीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने खोडावर ठोकलं. एकदा खाली, एकदा कमरेएवढ्या उंचीवर, एकदा पलीकडून. नंतर शेजारच्या ऐनावर ठोकलं आणि परत किंदळीवर.

मला लाकडातलं काही कळत नाही. पण ते दोन आवाज वेगळे होते. ऐनाचा आवाज भरलेल्या घागरीचा होता. किंदळीचा तसा नव्हता. कुणाही शाळेतल्या पोराला ते ऐकू आलं असतं.

मामा बाबांकडे आला. कुऱ्हाड जमिनीला टेकवून म्हणाला, "भावजी, ह्या झाड माका बरा दिसत नाय. आतून पोकळ असात."

बाबा काही बोलायच्या आत हरमलचा माणूस पुढे झाला. "मेस्ता, तो किदें म्हणटा?"

बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा झाडाकडे.

"कांय ना," ते म्हणाले. मग मामाला, जरा चढ्या आवाजात, "तुका झाड कळता, म्हाका लाकूड कळता. घट्ट आसा तें. तूं काप."

 मामाने माझ्याकडेही पाहिलं. मी घरून आणलेल्या पाण्याच्या कळशीवरचं झाकण नीट बसवत होते.  बाबांना कळतं, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं म्हणजे मला त्या झाडाचे पैसे हवे होते. चार महिने सगळ्यांना ऐकवलेलं वाक्य खरं ठरायला हवं होतं.

"तुमी सांगतास तर कापतंय," मामा म्हणाला.

दोघांनी उताराच्या बाजूने आधी कुऱ्हाडीने खाच पाडली, म्हणजे झाड तिकडे पडेल. मग वरच्या बाजूने मोठी करवत लावली, एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला जोडीदार. बराच वेळ लालसर, कोरडा भुसा पडत राहिला. हरमलचा माणूस तो चिमटीत घेऊन बघत होता. आणि मग करवतीचा आवाज एकदम हलका झाला. पाती जशी लोण्यातून चालावी तशी सरकली, आणि फटीतून काळी, ओली माती पडायला लागली.

मामा ओरडला, "सोड! सोड!" जोडीदाराने करवत सोडून उडी मारली. झाड उताराच्या बाजूला पडलं नाही. खोडाची पातळ झालेली एक बाजू मोडली, झाड जागच्या जागी पिळवटलं आणि आडवं कोसळलं. त्याचा बुंधा मागे उसळला. मामा दोन पावलं मागे सरकला होता. बुंधा त्याच्या कमरेत बसला.

धूळ खाली बसेपर्यंत कुणाला काही दिसलं नाही. मला मामाचा आवाज ऐकू आला, अगदी शांत, जसा तो घरी पाणी मागायचा तसा. "बाय गो, माका पाय समजनत नाय," तो म्हणाला.

जवळच्या घरातून शिडी आणून तिच्यावर त्याला खाली नेलं. एक मासळीचा टेम्पो थांबवला. म्हापशाच्या इस्पितळापर्यंत मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसले होते. बाबा पुढे चालकाजवळ. हरमलच्या माणसाने स्कूटरवरून आमच्या पुढे जाऊन फाटकापाशी माणसं उभी केली होती. त्याने तेवढं केलं.

मामा चार दिवस जगला. आई आणि मामी त्याच्यापाशी. बाबा चारही दिवस बाहेरच्या बाकावर बसून होते, आत गेले नाहीत. त्यांच्या हातावरच्या केसांत लाल भुसा अडकलेला होता. तिसऱ्या दिवशी मी ओल्या फडक्याने तो पुसायला गेले तर त्यांनी हात काढून घेतला.

पोलीस चौकीत जबाब द्यावा लागला. तिथल्या हवालदाराने मला पाहून विचारलं, "शिक्षिका ना तुम्ही? तुमचं अक्षर बरं असेल, तुम्हीच लिहा. मराठीत लिहिणार की कोकणीत?" मी म्हटलं, मराठीत. बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले. झाड आतून पोकळ आहे याची कुणालाही कल्पना नव्हती, हे वाक्य बाबांनी सांगितलं तेव्हा माझा हात थांबला नाही. मुलांना शिकवते तसं प्रत्येक अक्षरावर सरळ रेघ ओढून मी ते लिहिलं आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली.

मामाचा जोडीदार दिवसकार्य होईपर्यंतही थांबला नाही, गावी निघून गेला. हरमलच्या माणसाने पैसे परत मागितले नाहीत. बाबांनी स्वतः जाऊन दिले. उरलेल्या दोन किंदळींना कुणी हात लावला नाही. पडलेली तशीच राहिली. सहा महिन्यांनी मी एकटी जाऊन पाहिलं. तिच्या पोटात माणूस बसेल एवढी पोकळी होती, आणि बुंध्यापासून दीड पुरुष उंचीपर्यंत नुसती काळी माती. त्याच्या वर मात्र लाकूड चांगलं होतं. घट्ट, लालसर, एकसारखं.

आई बाबांशी लागेल तेवढंच बोलू लागली. पाणी तापलं. जेवण वाढलं. कुणीतरी आलंय. तिला काही माहीत होतं असं नाही. तिचा भाऊ बाबांच्या बोलावण्यावरून आला होता, एवढंच तिला पुरेसं होतं. बाबांकडे मोठी कामं येईनाशी झाली. मेस्ताला पोकळ झाड कळलं नाही, ही गोष्ट पेडण्यापासून डिचोलीपर्यंत पोचली होती. ते अंगणातल्या छपराखाली बसून बारीकसारीक वस्तू करायचे. आणि वर्षातून एकदा, मामाच्या दिवसाच्या आसपास, त्यातली एक घेऊन मामीकडे जायचे. एका वर्षी पाट, एका वर्षी देव्हारा, एकदा दाराची नवी झडप. मामाची मुलगी मोठी झाली तेव्हा तिच्यासाठी खाट केली, सागाची, चारही पायांवर वेल कोरलेली. टेम्पो करून ती पोचवली. मामी काय म्हणाली, असं मी विचारलं की म्हणायचे, "घेतली."

अशी दहाएक वर्षं गेली. मग बाबांना पोटाचा आजार झाला आणि त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी आई शेजारी गेली होती. मी त्यांना पेज भरवत होते. दोन चमचे झाल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"म्हाका खबर आशिल्लें," ते म्हणाले.

मी विचारलं नाही, काय माहीत होतं ते. मला कळलं.

"पयल्याच दिसा. दगडान ठोकलें तेन्ना. तिनूय पोकळ." थांबत थांबत त्यांनी सांगितलं. भाटकाराला तिथेच सांगून निघून यायचं होतं. पण महिनोन्महिने तेच माझ्या मागे लागले होते, आणि लग्नाचे पैसे बँकेतून काढून मी तयार बसले होते. त्यांना वाटलं, पुरुषभर पोकळ असेल, वरचं लाकूड निघेल, कुणाला कळणारही नाही. "वयर बरेंच आशिल्लें," ते म्हणाले. वर खरंच चांगलं होतं. "ताका हांवें सांगूंक जाय आशिल्लें. त्या मनशा मुखार तोंड उगडूंक ना." मामाला सांगायला हवं होतं, पण त्या हरमलच्या माणसासमोर तोंड उघडता आलं नाही.

मी पेजेची वाटी खाली ठेवली. मलाही ऐकू आलं होतं, हे मला त्यांना सांगायचं होतं. नाही सांगितलं. का, ते आजही सांगता येणार नाही. कदाचित त्यांनी सगळं एकट्याने उचललं होतं ते मला बरं वाटलं असेल.

पुढच्या रविवारी मी मामीकडे गेले. ती अंगणात सुकलेल्या मिरच्यांची देठं खुडत होती. मुलीचं लग्न होऊन ती सासरी गेली होती, घरात मामी एकटी. मी बसले आणि जे सांगायला आले होते ते सांगितलं. बाबांचं, आणि माझंही. मामीचे हात चालू होते.

"माका ठावक आसा," ती म्हणाली.

मामाने तिला इस्पितळात दुसऱ्याच रात्री सांगितलं होतं. भावजींचा चेहरा बघूनच त्याला कळलं होतं की त्यांना माहीत आहे. "त्या हरमलच्या माणसासमोर भावजींचो मान जाईत होतो. म्हणान कापलंय, म्हणाले. आनी ताईक सांगू नको, म्हणाले." एवढं बोलून मामीने सूप बाजूला ठेवलं. "माझ्या घोवान तुझ्या बापाशीचो मान राखलो. माझो घोव खंय आसा?"



"ये," म्हणून ती उठली आणि मला घरामागच्या गोठ्यात घेऊन गेली. गुरं केव्हाच विकली होती. गोठ्यात बाबांच्या वस्तू होत्या, दहा वर्षांच्या, एकावर एक टाकलेल्या. पाट, देव्हारा, झडप. एकही वापरलेली नव्हती. खालच्या वस्तूंना वाळवी लागली होती. खाट उभी करून भिंतीला टेकवली होती, तिच्या दोन पायांवरचा वेल वाळवीने खाल्ला होता आणि त्या जागी मातीच्या नळ्या चढल्या होत्या.

"दर वर्षा येय," मामी म्हणाली. "दारात ठेवी, पाणीसुद्धा घेय नाय, जाय. जाळूक व्हयी होती. जाळूक हात झालो नाय. घरातय घेवक हात झालो नाय."

मी विचारलं, ते रान मी तुमच्या नावावर करून देऊ का? माझ्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं.

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "माका त्या रानात पाय ठेवचो नाय," ती म्हणाली. "तुझा आसा. तूच सांभाळ."

तिने चहा केला. मी तो प्यायले. तिने बसच्या वेळेआधी मला जायला सांगितलं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई देवापाशी होती. बाबा जागे होते, मी कुठे गेले होते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना माहीत होतं. मी त्यांच्याजवळ बसले, चादर सारखी केली.

"बायल कशी आसा ती?" त्यांनी मामीबद्दल विचारलं.

"बरी आहे."

"खाट?"

"वापरात आहे," मी म्हटलं. "मुलगी माहेरी येते तेव्हा तिच्यावर निजते."

त्यांनी डोळे मिटले. मग डोळे न उघडता म्हणाले, "एक पाय मातसो आखूड जाल्लो. हालता जायत."

"नाही हालत," मी म्हटलं.

त्यानंतर ते अकरा दिवस होते. मामी दहाव्याला आली. आईच्या गळ्यात पडून रडली, माझ्याशी बोलली नाही. रान अजून माझ्या नावावर आहे.